झाडावर नंबर टाकण्याआधी

प्रति,
रस्ता रुंदीकरणाच्या पाहणीला निघणारे सर्व कनिष्ठ अभियंते,
सार्वजनिक बांधकाम विभाग, महाराष्ट्र राज्य

विषय : रस्त्याकडेला जे उभं आहे, त्याची नोंद झाडांवर नंबर पडायच्या आधी घेण्याबाबत.

स.न.वि.वि.

हे पत्र मुद्दाम तुम्हाला लिहितो आहे. मंत्र्यांना, सचिवांना, मुख्य अभियंत्यांना निवेदनं भरपूर जातात. ती देतानाचे फोटो निघतात, पोच मिळते, विषय संपतो. पण रस्ता कुठून किती रुंद होणार हे कागदावर उतरायच्या आधी त्या रस्त्यावर पायी फिरणारा खात्यातला माणूस म्हणजे तुम्हीच. टेप तुमच्या हातात असतो आणि रंगाचा डबा तुमच्या मागून येणाऱ्याच्या. बुंध्यावर एकदा आकडा पडला की त्या झाडाचं पुढचं आयुष्य आंदोलनात, कोर्टात आणि पेपरातल्या बातम्यांत जातं. तोवर नकाशा मंजूर झालेला असतो, निविदा निघालेली असते, आणि मग कुणालाच मागे फिरता येत नाही. म्हणून माझं मागणं आकडा पडायच्या आधीचं आहे.

रस्ते नकोत असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. गळीत हंगामात सुरूरहून वाईला येताना पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर असला आणि समोरून पाचगणीला निघालेल्या गाड्यांची रांग असली, की एसटीच्या ड्रायव्हरची काय अवस्था होते ते मी पाहिलं आहे. साइडपट्टी खचलेली, दुचाकीवाला मधेच, पलीकडे शाळेची मुलं. त्या रस्त्याला जागा हवी, यात वाद नाही. वाद आहे तो ती जागा कुठून काढायची आणि काढताना काय पाहायचं, याचा.

आता हाच सुरूर-वाई रस्ता घ्या. पुणे-सातारा महामार्ग सोडून सुरूर फाट्याला वळलं की वडांची ओळ लागायची. भर एप्रिलमध्ये एसटीच्या खिडकीतून येणारी झळ तिथे एकदम मऊ व्हायची. महाबळेश्वरला जाणाऱ्या कितीतरी लोकांना पुढचे पॉइंट आठवत नाहीत, पण वडांची ही कमान आठवते. याच वडांच्या तोडीवरून अलीकडे साताऱ्यात बराच आवाज उठला. एक बाजू म्हणते, ही झाडं जुनी आहेत, ठेवा. दुसरी म्हणते, जुनी आहेत म्हणूनच धोकादायक आहेत, पावसात पडतात, माणसं मरतात. दुसऱ्या बाजूचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. वड पडतात, हे खरं आहे. पण ते का पडतात, याचं उत्तर तुमच्या खात्याच्या मोजमाप पुस्तकातच सापडेल.

वडाला मुळं जमिनीखाली असतात तशी वरही असतात. पारंबी जमिनीला टेकली की काही वर्षांत तिचा खांब होतो आणि लांब गेलेल्या फांदीचं ओझं तो उचलतो. रस्त्याकडेच्या वडाला ही सोय फक्त शेताच्या बाजूला मिळते. रस्त्याच्या बाजूची पारंबी लोंबायला लागली की ट्रकच्या टपाला लागते म्हणून छाटली जाते, आणि छाटली नाही तरी खाली डांबर असतं. म्हणजे त्या बाजूची फांदी आयुष्यभर टेकूशिवाय. शिवाय वाटेवरचे वड पूर्वी बहुधा जाड फांदी रोवून लावायचे, कारण अशी फांदी गुरांच्या तोंडातून वाचते आणि लवकर सावली देते. फांदीपासून वाढलेल्या झाडाला बीपासून उगवलेल्यासारखं सोटमूळ नसतं. त्याचा सगळा तोल आडव्या पसरलेल्या मुळांवर.

आणि ही आडवी मुळं आपण दर काही वर्षांनी तोडतो. एकदा गटारासाठी, एकदा पाण्याच्या पाइपलाइनसाठी, मग केबलसाठी. प्रत्येक चर बुंध्यापासून हाताच्या अंतरावरून जातो, कारण हद्दीत तेवढीच जागा उरलेली असते. चर बुजवला की वरून दिसत काही नाही. मग एखाद्या जुलैत जमीन भिजून सैल होते, वारा येतो आणि झाड रस्त्यावर आडवं होतं. पंचनाम्यात कारण लिहिलं जातं वादळी पाऊस. चर कुणी आणि कधी मारला, त्याला रकानाच नसतो. अशा चार घटना झाल्या की उरलेली सगळी ओळ धोकादायक ठरते.

बुंध्याभोवतीच्या काँक्रीटचंही तसंच. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत आदेश दिला होता, की बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा. आपल्याकडे तालुक्याच्या गावांत पेव्हर ब्लॉक थेट सालीला भिडवतात आणि त्याला सुशोभीकरण म्हणतात. वर गेरू-चुन्याचा पट्टा. तो पट्टा रात्री गाडीच्या उजेडात झाड दिसावं म्हणून आहे, त्याला माझी हरकत नाही. त्याच पट्ट्यावर क्लासच्या जाहिरातीचा पत्रा ठोकलेला असतो, त्याला आहे. तो खिळा काढायचा अधिकार तुम्हाला आहे. त्यासाठी डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, लागत नाही.

कायद्याकडे बोट दाखवाल, तर तोही जरा उघडून पाहू. शहरांसाठी 1975 चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीने त्यात 50 वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आला, आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची, असं ठरलं. पण हा कायदा नागरी क्षेत्राचा. नगरपालिकेची हद्द संपली की चित्र बदलतं. ग्रामीण भागात ज्याचा आधार घेतला जातो त्या 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, खैर, चंदन अशी सोळा नावं आहेत. वड त्यात नाही. पिंपळ नाही, उंबर नाही. सरकारी हद्दीतल्या झाडाला परवानगीची प्रक्रिया असतेच, हे मला ठाऊक आहे. तरीही ज्या झाडाला आपल्याकडच्या बायका दर ज्येष्ठात दोरा गुंडाळतात, ते या यादीत नसावं, यात मला तरी लाकडाचा भाव दिसतो, सावलीचा नाही.

बदली झाडांबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण तुम्हीही ते रोज पाहता. वडाच्या जागी गुलमोहर येतो. तो मूळचा मादागास्करचा, दिसतो छान, वाऱ्यात लवकर मोडतो. नाहीतर दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल, हल्ली कोनोकार्पस. यांतल्या एकावरही तांबट पक्षी पोट भरू शकत नाही.

पोट भरण्यावरून एक गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. एका गावातले सगळे वड एकाच वेळी फळत नाहीत. हे झाड माघात लाल होतं, पलीकडचं चैत्रात, तिसरं आणखी कधी. ओळीने वड असले की वर्षभर कुठे ना कुठे फळ असतं, आणि त्यावर तांबट, कोकिळा, हरियाल, मैना, रात्री वटवाघळं जगतात. ओळीतली निम्मी झाडं गेली तर निम्मं अन्न गेलं एवढाच हिशोब होत नाही. मधले महिने कोरडे पडतात, आणि कोरड्या महिन्यात पक्षी थांबत नाही.

याच फळांवर जगणारा राखी धनेश तुम्ही पाहिला असेल, लांब वाकड्या चोचीचा. हा जुन्या झाडाच्या ढोलीत घर करतो. मादी आत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून विष्ठेने, चिखलाने लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट उरते. नर बाहेरून फळं आणून त्या फटीतून भरवतो. आत असताना मादीची उडायची पिसं गळतात, त्यामुळे ठरवलं तरी तिला पळता येत नाही. हे सगळं साधारण मार्च ते जून या काळात चालतं. आणि आपल्याकडे आर्थिक वर्षअखेर झाली, निधी आला, पावसाच्या आत काम उरकायचं, म्हणून झाडांवर करवत चालते ती नेमकी एप्रिल-मेमध्ये. तोडायला आलेल्या माणसाला आत काय आहे हे कळत नाही, कारण ढोलीचं तोंड बुजलेलं दिसतं. तुमच्या नोंदीत त्या झाडापुढे 'ढोली आहे' एवढे दोन शब्द असते, तर निदान तोडीचा महिना बदलता आला असता.

जमिनीवरून चालणाऱ्यांसाठी तर तुमचा पेनच पुरे. नागपूरहून सिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 पेंचच्या जंगलातून जातो. तिथे नऊ ठिकाणी प्राण्यांसाठी रस्त्याखालून वाटा ठेवल्या, आणि खाली लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघासकट कितीतरी जनावरं ये-जा करताना दिसली. तिथे वाघ होता म्हणून पैसा आला, हे उघड आहे. आपल्या तालुक्याच्या रस्त्यावर मुंगूस, उदमांजर, साळिंदर, घोरपड, धामण, पहिल्या पावसात बेडूक. यांच्यासाठी कुणी उड्डाणपूल बांधणार नाही आणि बांधूही नये. पण मोरी तर तुम्ही बांधताच. पाइपची मोरी पावसाळ्यात पूर्ण भरून वाहते. त्याऐवजी चौकोनी मोरी आणि तिच्या आत एका कडेला हातभर रुंदीचा कोरडा कट्टा ठेवला, तर पाणीही जातं आणि जनावरही. दुसरं म्हणजे ही नवी उघडी काँक्रीटची गटारं. सरळ उभ्या भिंतींची, खोल. कासव, बेडूक, साळिंदराचं पिल्लू आत पडलं की वर यायला वाट नाही. दर ठरावीक अंतरावर एक उतार बांधायला किती सिमेंट लागतं, ते तुम्ही मला सांगा.

आणि मेंढ्या विसरू नका. फलटणकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर घाट उतरून कोकणाकडे निघतात, पावसाच्या तोंडाला परततात. घोड्यावर संसार, मागे कळप, पुढे कुत्रं. त्यांची वाट तुमच्या रस्त्याच्या किती आधीची आहे, याचा हिशोब कुणी मांडलेला नाही. साइडपट्टी संपवून थेट गटार आणि क्रॅश बॅरियर लावला की तो कळप चालणार कुठून? डांबरावरून. मग अपघात झाला की दोष कळपाचा.

आता दगडांकडे येतो. खरं तर पत्राचं निमित्त तेच आहे. एका गावाबाहेर रुंदीकरणात मारुतीच्या देवळासमोरचे दोन वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे कोरीव स्मारकदगड, मुरुमाच्या ढिगात गेले. एकावर गुरं सोडवताना पडलेला वीर होता, खालच्या चौकटीत गाई अजून स्पष्ट दिसत होत्या. गावातल्या लोकांनी विचारलं तर मुकादम म्हणाला, यादीत नव्हते. त्याचं बरोबर होतं. यादीत झाडं होती, विजेचे खांब होते, हातपंप होता, टपऱ्या होत्या. वीरगळ नव्हते, कारण पाहणी करणाऱ्याला ते काय आहे हे कुणी शिकवलं नव्हतं आणि फॉर्ममध्ये त्यांना जागाही नव्हती.

हे एकाच गावाचं नाही. अलिबागजवळच्या आक्षी गावात शके 934 चा, म्हणजे इ.स. 1012 चा, मराठीतला शिलालेख असलेला गधेगळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारा कोरीव दगड) कित्येक वर्षं रस्त्याच्या कडेला उघड्यावर होता. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या लेखांपैकी तो एक, अनेकांच्या मते पहिलाच. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले गेले. त्या दर्जाचा एवढा मोठा पुरावा त्याआधी कित्येक वर्षं पावसात उभा होता आणि शेजारून गाड्या जात होत्या. त्याचं नशीब चांगलं की अभ्यासकांना तो माहीत होता. ज्यांना अजून कुणी वाचलेलंच नाही, असे किती दगड साइडपट्टीत आहेत कोण जाणे.

विहिरींचं तसंच. लिंबची बारा मोटेची विहीर पाहायला लोक महामार्ग सोडून आत जातात. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळातली, आत महाल असलेली ती विहीर सुरक्षित आहे, कारण ती प्रसिद्ध आहे आणि रस्त्यात येत नाही. पण वाटसरूंसाठी बांधलेल्या बारवा मुळात वाटेवरच असणार, हे उघड आहे. रुंदीकरणात सर्वांत आधी त्याच येतात. 2025 मध्ये अहिल्यादेवींच्या जन्माला तीनशे वर्षं झाली. व्यासपीठांवरून त्यांच्या बारवांवर, धर्मशाळांवर भाषणं झाली. त्यांची असो वा कुणा अनाम सावकाराची, रस्त्याकडेची बारव मात्र जुन्या रस्त्याचा राडारोडा टाकायची सोयीची जागा झाली आहे. पायऱ्या शाबूत असतात, झरा जिवंत असतो, वर बाभूळ उगवलेली असते म्हणून ती पडीक दिसते. गाळ काढला तर उन्हाळ्यात तुमच्याच कामाच्या क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट भिजवायला, पाणी मिळेल. हे मी थट्टेने लिहीत नाही.

आणखी एक गोष्ट पेठेतल्या जुन्या घरांबद्दल, देवळांबद्दल. जुना थर न खरवडता त्यावर नवा थर, पुन्हा त्यावर नवा. दर खेपेला रस्ता काही इंच उंच होतो. चाळीस-पन्नास वर्षांत देवळाच्या पायऱ्या वर चढायच्या ऐवजी खाली उतरायला लागतात, वाड्याचं जोतं रस्त्याखाली जातं, पहिल्या पावसात पाणी उंबऱ्यातून आत. मग भिंत ओल धरते, माती सुटते आणि वाडा मोडकळीला आला म्हणून नोटीस लागते. वाडा म्हातारपणाने पडतो हे अर्धंच खरं. काही वाडे आपण डांबराने बुडवतो. खरवडून मग थर द्यायची पद्धत तुमच्या पुस्तकात आहे, यंत्रं आहेत. शहरांतून ती आता दिसतात. छोट्या गावांच्या पेठांतूनही दिसू देत.

सगळं वाचवा असं मी म्हणत नाही, हे पुन्हा सांगतो. बोरघाटातला 1830 सालचा अमृतांजन पूल एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीत द्रुतगती मार्ग रिकामा असताना, सुरुंग लावून पाडला. हळहळ खूप झाली, मलाही वाटली. पण त्याचे खांब मार्गाची वाट अडवत होते आणि तो पाडावा का, यावर बोलणं झालं होतं. तो निर्णय होता. माझी तक्रार निर्णयाबद्दल नाही. जिथे निर्णय होतच नाही आणि जेसीबीचा बकेट फिरला की वस्तू नाहीशी होते, तिथे आहे. उलट बाजूचंही उदाहरण आहे. 2020 मध्येच मिरज तालुक्यातल्या भोसे गावात रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात एक पुरातन वड जाणार होता. लोक उभे राहिले आणि आखणी बदलली. पुढे तो वड किती टिकला हा वेगळा प्रश्न. आखणी बदलता येते, एवढं त्यातून सिद्ध झालं. फक्त ती बदलायला गाव रस्त्यावर यावं लागलं, मंत्र्यांना पत्रं लिहावी लागली. पाहणीच्या दिवशी नोंद झाली असती तर हेच काम तुमच्या टेबलावर पेन्सिलीने झालं असतं.

पूर्वी ही नोंद माणसांच्या डोक्यात असायची. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याच्या देखभालीला खात्याचा एक मजूर, मैलकुली, असायचा. कुठली मोरी कधी तुंबते, कुठल्या झाडाला मोहोळ आहे, कुठल्या वळणावर रात्री कोल्हे रस्ता ओलांडतात, सगळं त्याला माहीत. अभियंता नवा आला की मैलकुली त्याला रस्ता दाखवायचा. आता ती पदं जवळपास संपली, काम ठेक्याने होतं, आणि ठेकेदाराचा माणूस दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला असतो. सल्लागार कंपनीचा सर्व्हे ड्रोनने होतो. ड्रोनला वडाखालचा वीरगळ दिसत नाही.

तर मागणी अशी. पाहणीच्या तक्त्यात एक पान वाढवा. कि.मी. 4/200, डावीकडे : वड, घेर इतका, पारंब्या टेकलेल्या, ढोली आहे. कि.मी. 4/650, उजवीकडे : कोरलेला दगड, तीन चौकटी, फोटो जोडला. कि.मी. 5/100 : जुनी बारव, पायऱ्या आहेत, पाणी आहे. कि.मी. 6/300 : जुना मैलाचा दगड, अक्षरं शिल्लक. कि.मी. 7/000 : मोरीखालून जनावरांची वाट, ठसे. एवढंच. दगड कुठल्या शतकातला, झाडाचं शास्त्रीय नाव काय, हे तुम्हाला यावं अशी कुणाची अपेक्षा नाही. जिल्ह्याच्या कॉलेजात इतिहासाचे, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आहेत, पोरं आहेत, फोटो पाठवलात तर दोन दिवसांत सांगतील. मग त्या पानाकडे बघून मध्यरेषा जिथे सरकवता येईल तिथे सरकवा. एका बाजूची ओळ ठेवून दुसऱ्या बाजूला रुंदी घेता येते का पाहा. दोन ओळींच्या मधून एक मार्ग आणि ओळीबाहेरून दुसरा, असंही करता येतं. जिथे काहीच शक्य नाही तिथे झाड जाईल, पण धनेशाची पिल्लं उडाल्यावर जाईल. दगड हलवावा लागेल, पण तो गावाच्या ताब्यात, पंचनामा करून, शाळेच्या आवारात जाईल.

सम्राट अशोकाने आपल्या स्तंभलेखात लिहून ठेवलंय की वाटांवर वड लावले, माणसांना आणि जनावरांना सावली व्हावी म्हणून. आमराया लावल्या, विहिरी खणल्या. रस्त्याच्या कामाचा आपल्याकडचा एवढा जुना लेखी अहवाल दुसरा मला माहीत नाही, आणि त्यात रस्त्याची रुंदी दिलेली नाही.

शेवटची विनंती छोटी आहे. पाहणीला कधी येणार ते आठवडाभर आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहा. तारीख, वेळ, कुठून कुठवर. सकाळी लवकर या, उन्हाच्या आत. गावातला मेंढपाळ, देवळाचा गुरव, शाळेतले एखादे सर किंवा बाई आणि निवृत्त मैलकुली असेल तर तो, एवढी माणसं तुमच्याबरोबर चालतील. टेपचं दुसरं टोक धरायलाही उपयोगी पडतील. रंगाचा डबा त्या दिवशी गाडीतच राहू द्या.

कळावे,
सुरूर-वाई रस्त्यावरचा एक एसटी प्रवासी